रमणकाका आणि खारा बर्फ

मे महिन्यात डहाणूत माणसं अंगातला शर्टसुद्धा नकोसा होऊन बसलेली असतात. त्या दिवसांत रमणकाका पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर आणि माकडटोपी घालून भर बाजारातून सायकलवरून जायचे. नवखा माणूस वळून बघायचा. आम्हा गावकऱ्यांना सवय होती. खाडीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात, ज्या मिठाच्या गार पाण्याच्या टाकीत डबे बुडवून लाद्या जमवतात त्या टाकीवर, ते तीस वर्षं काम करत होते. कारखान्यातून बाहेर पडताना स्वेटर काढायचा आणि परत जाताना घालायचा, एवढी उठाठेव त्यांना मान्य नव्हती. "थंडी बाहेरून येते सर, आणि माझी आतून येते," असं ते म्हणायचे. मला त्याचा अर्थ कधी कळला नाही, पण तेव्हा मी कुणाचंच फारसं ऐकून घेत नसे.

मी तलासरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. राहायला डहाणूत. काही वर्षांपूर्वी सुट्टीत हिमालयात फिरायला गेलो आणि तिथून एक खूळ घेऊन आलो. बर्फ वितळल्यावर तिथल्या उतारांवर एक रानटी जिरॅनियम फुलतं. ज्या बाईंच्या घरी उतरलो होतो, त्यांच्या परसात ते माजलं होतं. त्यांनी कागदाच्या पुडीत अकरा बिया बांधून दिल्या. परत आल्यावर मी डहाणूभर लोकांना सांगत सुटलो की तुमच्या गॅलरीतलं जिरॅनियम हे खरं जिरॅनियमच नव्हे, ते आफ्रिकेतलं वेगळं झाड आहे. खरं माझ्याकडे आहे आणि ते मी इथे, समुद्रकाठी फुलवणार आहे. त्या वर्षी मला दोन वास्तुशांतींचं बोलावणं आलं नाही.

अडचण अशी की या बियांना आधी हिवाळा लागतो. दोन-अडीच महिने ओल्या वाळूत, बर्फाच्या जवळपासच्या थंडीत राहिल्या तर त्या जाग्या होतात. घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर आठवड्याभरात बायकोने वाळूचा डबा बाहेर काढून ठेवला. तिचं म्हणणं, कोथिंबिरीला वाळू लागते. म्हणून मी बर्फाच्या कारखान्यात गेलो.

"किती लाद्या?" रमणकाकांनी विचारलं.

"लाद्या नकोत. बिया ठेवायच्यात."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. "बेसा. आता नीट सांगा."

मी नीट सांगितलं, म्हणजे पाऊण तास सांगितलं. पान हाताच्या पंजासारखं पाच बोटांत चिरलेलं असतं. पाच पाकळ्या, जांभळट निळ्या, त्यांवर शिरा, मध्ये पांढरट. फूल गळल्यावर चोचीसारखं लांब फळ येतं. ते वाळलं की त्याच्या पाच पट्ट्या ताडकन वर वळतात आणि बिया लांब फेकल्या जातात. हिवाळ्यात वरचं सगळं मरतं, पण जमिनीखाली जाड मूळ जिवंत राहतं आणि बर्फ गेला की त्यातूनच परत फुटतं. मी वर्गात बोलतो तसं बोलत होतो. फरक एवढाच की रमणकाका जागे होते.

"खाली मूळ जितं राहतं ने?" त्यांनी मधेच विचारलं.

"हो. तेच त्याचं वैशिष्ट्य."

"मग चालेल."

त्यांनी श्रीखंडाच्या डब्यात वाळू भरली, झाकणावर खडूने 'सर' लिहिलं आणि डबा बर्फाच्या खोलीत कोपऱ्यात ठेवला. बियांचं कवच फार कठीण असतं म्हटल्यावर त्यांनी प्रत्येक बी कानशीवर एकदा हलकेच घासली होती. मी त्यासाठी पुण्याहून खास घासकागद मागवणार होतो.

डिसेंबरात तीन बिया रुजल्या. एक रोप गोगलगायीने खाल्लं. दुसरं, मुळं कशी वाढतायत हे बघायला मी रोज उपटून बघत असे, त्याने कंटाळून जीव सोडला. उरलेल्या एकाला मी प्लास्टिकचा तंबू आणि पंखा लावायच्या विचारात होतो. रमणकाका म्हणाले, "पंखा कशाला? बर्फाच्या खोलीचं पाणी जिथून गळतं तिथे, भिंतीच्या सावलीत लावा. पाय गार राहिले तर डोकं तापलं तरी माणूस काम करतो." रोप तिथे लावलं आणि महिन्याभरात ओंजळीएवढं झालं. पानांच्या कडा थंडीने लालसर व्हायला लागल्या. रमणकाका रोज चहा पिताना त्याच्यासमोर बसायचे. 'तुमचं पोरगं' म्हणायचे त्याला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी प्राचार्यांना आणि तीस विद्यार्थ्यांना डहाणूतलं पहिलं हिमालयी जिरॅनियम पाहायला बोलावलं. ते गळक्या भिंतीपाशी, गटाराच्या कडेला दाखवायचं म्हणजे शोभा नाही. चार दिवस आधी मी एक निळी चिनी मातीची कुंडी आणली, रोप त्यात लावलं आणि घरी नेलं. रमणकाकांनी कुंडी उलटी करून बघितली होती. "सर, हिला बुडाशी भोक नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, चारच दिवसांचा प्रश्न आहे. शिवाय मी त्यात खत घातलं आणि सकाळ-संध्याकाळ गारगार पाणी ओतलं.

पाचव्या दिवशी सकाळी पानं काळी पडून कुंडीच्या काठावर लोळत होती. तेवढ्यात तलासरीहून विद्यार्थ्यांची बस निघाल्याचा फोन आला. दुसरं काही सुचेना, म्हणून कुंडी टॉवेलात गुंडाळून मी कारखान्यात गेलो. रमणकाकांनी टॉवेल बाजूला केला, बघितलं आणि परत झाकला. 

मी घरी ठेवलेल्या निरोपावरून विद्यार्थी आणि प्राचार्य कारखान्यातच आले. मी टॉवेल काढला. "काय झालं हो हे?" प्राचार्यांनी मला विचारलं. मी टॉवेलाची घडी घालत राहिलो.

"चूक माझी आहे साहेब," रमणकाका पुढे होऊन म्हणाले. "टाकीचं मिठाचं पाणी गळलं, ते मुळाशी गेलं. सरांनी बजावून सांगितलं होतं."

या घटकेला मी काय केलं ते लिहायला हात जड होतो. मी रमणकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे काका. होतं असं." मी त्यांना सगळ्यांसमोर माफ केलं. एका विद्यार्थिनीने डोळ्यांना रुमाल लावला. प्राचार्यांनी परतताना माझ्या संयमाचं कौतुक केलं आणि मी ते ऐकूनही घेतलं.

पुढचे पंधरा दिवस मी परीक्षेचं काम पुढे करून कारखान्याकडे फिरकलो नाही. मग एक दिवस त्या रस्त्याने जावं लागलं. फाटकाशी स्टुलावर एक बारकुडा म्हातारा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसला होता. स्वेटर नसल्यामुळे मला रमणकाका आधी ओळखूच आले नाहीत.

तीस पोरांनी ऐकलेली गोष्ट बंदरावर जायला कितीसा वेळ लागतो. बर्फात मिठाचं पाणी गेलं म्हणजे बर्फ टिकत नाही. मासळीसाठी बर्फ नेणारे बोटवाले विचारायला आले, कुणी 'खारा बर्फ' म्हणून चिडवायला लागलं. कारखान्याच्या शेठनी टाकी तपासली, त्यात गळती सापडली नाही. पण रमणच स्वतः म्हणतो म्हटल्यावर त्यांना वाटलं, माणूस थकला, आता त्याला आठवत नाही. टाकीवर नवा माणूस आला आणि रमणकाका फाटकावर.

मी तसाच शेठच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कुंडी, खत, चार दिवस.  "झाडाच्या मास्तरकडून झाड मेलं, हे सांगायला एवढं काय होतं?" शेठ म्हणाले.  त्यांनी रमणकाकांना त्याच दिवशी परत टाकीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गातही सांगितलं. त्या विद्यार्थिनीने या खेपेला रुमाल काढला नाही.

रमणकाकांची माफी मागायला गेलो तेव्हा ते लाद्या मोजत होते. "बर्फ जमायला दोन दिवस लागतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुम्हाला पंधरा लागले."

"तुम्ही का घेतलंत स्वतःवर?"

"तुमचं तोंड बघवेना. पोरं हसली असती तुम्हाला." मग पुढची लादी मोजून म्हणाले, "माझ्यावर एवढं येईल असं मलाही वाटलं नव्हतं."

त्यांनी मला बर्फाच्या खोलीत नेलं. कोपऱ्यात श्रीखंडाचा डबा होता. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी कुंडी रिकामी केली होती, कुजलेला भाग चाकूने कापला होता आणि अंगठ्याएवढा पांढरा तुकडा वाळूत ठेवला होता. "तुम्हीच सांगितलंत ने, खाली मूळ जितं राहतं," ते म्हणाले. मी ते वीस वर्षं शिकवत होतो. मेलेल्या रोपाचं मूळ तपासावं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढल्या हिवाळ्यात भिंतीपाशी लावल्यावर ते मूळ परत फुटलं आणि फेब्रुवारीत त्याला एक फूल आलं. एकच. या वेळी आम्ही दोघंच होतो. रमणकाकांनी चष्मा लावून ते चारी बाजूंनी बघितलं.

"सदाफुली आहे ही," ते म्हणाले.

मी दुखावलो. दहा पुंकेसर दाखवले, पाकळ्यांवरच्या शिरा मधमाशीला वाट दाखवतात हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," ते म्हणाले, "पण सदाफुली बारा महिने येते." एप्रिलच्या उन्हात झाड गेलं, ते मुळासकट.

रमणकाका गेल्या पावसाळ्यात गेले. दोन दिवसांचा ताप, मग काही नाही. मी चिखल्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो. काकी ओटीवर बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "माणूस चांगला होता, पण शेवटी शेवटी हात चुकायला लागला होता. तो खाऱ्या बर्फाचा घोटाळा केला ने? मी फार बोलले त्यांना तेव्हा. आठ दिवस नीट जेवले नाहीत. शेठनी दया करून परत घेतलं, असं हेच म्हणाले."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. शेठला सांगताना लागला होता त्याहून जास्त वेळ लागला.  काकींनी पदराने तोंड पुसलं आणि आत हाक मारली, "इकडे या ग, सर काय सांगतात ऐका." सून आली, तिला पहिल्यापासून सांगावं लागलं. मग दीर आले, मग शेजारच्या दोघी. संध्याकाळपर्यंत मी ती गोष्ट पाच वेळा सांगितली. दर वेळी मी घाईने पुढे सरकायला लागलो की काकी मला थांबवायच्या.

"कुंडीला भोक नव्हतं, आणि यांनी तसं सांगितलं होतं," त्या म्हणायच्या. "ते आधी सांगा."