मिलिंदची सुई

"हेपॅटायटिस बी आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणारी सूज. तो विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे डोळे हळदीसारखे झाले होते. त्याआधी आईने मला आंबिवलीला नेऊन कावीळ उतरवणाऱ्याकडून माळ घालून आणली होती. माळ लांबेल तशी कावीळ उतरते म्हणे. माळ वाढत बेंबीपर्यंत आली, कावीळ मात्र जागच्या जागी.

"लग्न झालंय? नाही? मग बाहेर कुठे जाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"एका बाईकडे," मी म्हणालो. खोटं इतकं पटकन निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

"म्हणजे लस द्यावी असा जोडीदार घरात नाही," म्हणून त्यांनी तसंच लिहिलं.

आणि बाहेर बाकावर मिलिंद माझ्यासाठी पेजेचा डबा घेऊन बसला होता. वर्तकनगरचा मिलिंद, सहा वर्षांचा माझा जोडीदार. आईच्या लेखी माझा दोस्त. शनिवारी त्याच्या खोलीवर आमची मंडळी जमायची, दारूबरोबर झोपेच्या गोळ्या घ्यायची. लाज पळायची आणि निरोध वापरायचं भानही. कोण कोणाबरोबर होतं, ते सकाळी धड आठवायचं नाही.

दोन दिवस मी सलाइनकडे बघत पडलो. मिलिंदलाही लागण झाली तर? तिसऱ्या दिवशी राउंडला सगळं सांगून टाकलं, गोळ्यांसकट. डॉक्टर चिडले, पण भलत्याच गोष्टीवर.

"दोन दिवस फुकट घालवलेत! लस जितकी लवकर तितकी बरी. बोलवा त्याला. आणि त्या गोळ्या बंद."

दोघांची एचआयव्हीचीही तपासणी झाली. रिपोर्टची ती वाट वैऱ्याच्याही नशिबी येऊ नये. रिपोर्ट निगेटिव्ह आले. काही महिन्यांनी पुन्हा केले, तेही. मिलिंदला हेपॅटायटिसही नव्हता. मला नाचावंसं वाटत होतं.

मी वॉर्डात असतानाच पहिली लस टोचायची म्हटल्यावर सहा फुटी मिलिंद जिन्याकडे निघाला. माझी आई बाजारात म्हावरं विकणारी. तिच्या पकडीतून पापलेट सुटत नाही, हा कुठला सुटतोय!

"बस हितं. तू पडलास तं याला पेज कोन आनील?"

मित्रांनो, लाज वाटली तरी डॉक्टरांना पहिल्याच दिवशी खरं सांगा. तुमच्या माणसाचा जीव त्यात अडकलेला असतो. माझं रक्त सहा महिन्यांत साफ झालं. गोळ्या सुटल्या, मिलिंद नाही.

आईला मी चकार शब्द सांगितला नव्हता. तरी मिलिंदच्या लशीच्या तिन्ही सुयांना तिने बाजार बुडवला. शेवटच्या वेळी सिस्टरने कागद भरताना विचारलं, "मावशी, तुम्ही मिलिंदच्या कोण?"

"आय," ती म्हणाली.