दुखण्याचा आकडा

मंगलताईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्टेशनला निघालेली गाडी थांबवून विचारलं होतं, "काही झालंय का? सोडू का कुठे?" जानेवारीची सकाळ होती, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. आमच्या वेस्ट विंडसर या अमेरिकी उपनगरात माणसं दोन घरं पलीकडे जायलाही गाडी काढतात. अशा ठिकाणी एक बाई पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचं जाकीट चढवून, हातांत चक्क पायमोजे घालून धावत होती. मला वाटलं, घरात मोठं भांडण झालेलं दिसतंय. त्या थांबल्या नाहीत. माझ्या गाडीच्या बाजूनं तशाच धावत म्हणाल्या, "काय न्हाई ओ, पळायलोय नुसतं. तुमी जावा, ट्रेन चुकंल तुमची." आवाजात धाप म्हणून नाही. ट्रेन चुकलीच, कारण त्या वळणाआड जाईपर्यंत मी बघत बसले.

त्या मूळच्या कोल्हापूरकडच्या, भुदरगड तालुक्यातल्या. तिकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या पुणेरी लोकांना त्याची गंमत वाटायची, आणि मंगलताईंना आमच्या हसण्याची. नवरा सुधीर आयटीत, मुलगी तन्वी शाळेत. त्या कोण आहेत हे मला त्यांच्याकडून कधीच कळलं नसतं. ते सांगितलं तन्वीनं, गणपतीच्या आरतीनंतर मोदक खाता खाता. "अश्विनी मावशी, यू नो, माय मॉम वॉज नॅशनल चॅम्पियन. टेन थाउजंड मीटर्स. तिच्या पायाचं बोन ब्रोकन होतं अँड शी स्टिल वन!" इतर मुलांना झोपताना राजाराणीची गोष्ट सांगतात, तशी हिला ही शर्यत सांगितलेली होती. शेवटच्या फेऱ्यांमध्ये पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं, तरी आई पळत राहिली आणि सुवर्णपदक घेऊन आली. हे सांगताना तन्वीचे डोळे असे चमकत होते की मलाही उगाच अभिमान वाटला, आणि मी तिसरा मोदक घेतला.

पुढे मंगलताईंनी आम्हा बायकांना कालव्याकाठच्या वाटेवर पळायला न्यायला सुरुवात केली. शनिवारची झोप सोडून मी का गेले ते मला आजही सांगता येणार नाही. त्या कधी पुढे पळायच्या नाहीत. सगळ्यात शेवटी जी रखडत असेल तिच्या मागे राहायच्या, आणि ती जागा कायम माझी होती. "श्वास धरून काय ठेवलायस? सोड की! फुकटाचा हाय." माझ्या कुशीत कळ आली की मी मट्कन बसायची. त्या शेजारी उभ्या राहून जागच्या जागी पळत राहायच्या. "दुखतंय व्हय? दुखू दे. सोबतीला आलंय म्हणायचं. फकस्त त्येच्याशी बोलायचं न्हाई. बोललीस की संपलं." माझी खात्री आहे, त्या आयुष्यभर दुखण्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यांच्यामुळे मी, जन्मात बसमागेही न धावलेली बाई, ती वाट टोकापर्यंत पळाले. त्या दिवशी त्यांनी मला मिठी मारली आणि घरी नेऊन तांबडा रस्सा खाऊ घातला. पळण्यापेक्षा तो रस्साच अवघड होता.

मग त्यांची पाठ दुखायला लागली. बर्फ उपसल्यामुळे, म्हणाल्या. बर्फ वितळला, झाडांना पालवी आली, पाठ दुखतच होती. मग म्हणाल्या, गादी मऊ आहे. त्या जमिनीवर झोपायला लागल्या. एकदा पोळ्या लाटता लाटता त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांचं कपाळ घामानं भरलं, तेव्हा मी सुधीरच्या ऑफिसात फोन केला आणि त्यांना सरळ गाडीत घातलं.

दवाखान्यातल्या नर्सनं नेहमीचा प्रश्न विचारला. इथे सगळीकडे विचारतात तो: शून्य ते दहा, दुखणं किती? भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत चित्रं होती. मंगलताईंनी ती नीट पाहिली आणि मला विचारलं, "धा म्हंजे काय ग?"

"तुम्ही कल्पना करू शकाल तेवढं सगळ्यात जास्त."

त्या विचारात पडल्या. परीक्षेला बसल्यासारखा प्रामाणिक विचार. "त्या रेसची शेवटची फेरी धा. मग हे दोन. सांग तिला, दोन."

मी 'टू' सांगितलं आणि घाईघाईनं पुढे जोडलं, की ह्या खेळाडू आहेत, ह्यांचे दोन म्हणजे तुमचे-माझे आठ. नर्स छान हसली आणि तिनं टू टाइप केलं. विश्रांती, शेक आणि साध्या गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. पुढे प्रत्येक वेळी, प्रत्येक डॉक्टरला, हाच आकडा. कधी दोन, फार तर तीन. पोटातला कॅन्सर मणक्यापर्यंत पोचल्याचं जेव्हा निघालं, तेव्हा मोठे डॉक्टर थक्क होऊन म्हणाले, इतके महिने तुम्ही हे सोसलंत कसं? मी मराठीत सांगितलं. मंगलताई किंचित लाजल्या. त्यांना ते कौतुक वाटलं. मला मात्र तिथेच मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

उपचार झाले, थांबले. शरद ऋतू आला तेव्हा त्या घरीच होत्या, दिवाणखान्यात लावलेल्या पलंगावर. तन्वी आता हायस्कूलच्या क्रॉस कंट्री धावण्याच्या संघात होती आणि झपाट्यानं पुढे येत होती. एका दुपारी ती सरावाहून आली आणि जिन्यानं वर गेली. मंगलताईंनी डोळे उघडले.

"डावा पाय राखून टाकायलीय पोरगी."

मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तिला खाली बोलावलं. "पाय दुखतोय व्हय तुझा?"

"नो, आय ॲम फाइन, आई. शनिवारी स्टेटची रेस आहे, जस्ट टायर्ड." आणि ती हसली. तेच हसू मी दवाखान्यात, त्या चेहऱ्यांच्या चित्रांखाली, तिच्या आईच्या तोंडावर पाहिलं होतं.

ती वर गेल्यावर मंगलताईंनी मला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "अश्विनी, त्या रेसची फुडची गोष्ट मी तिला कधी सांगितलीच न्हाई बघ. सर म्हणले हुते, मंगल, हाड गेलंय, पळू नको. मी पळालो. मेडल मिळालं. पण ते पाऊल पुन्यांदा नीट जुळलंच न्हाई. त्येच्यानंतर मी एक बी मोठी रेस जितलो न्हाई. दोन वर्सांत समदं संपलं. पंचवीस बी पुरी झाली न्हवती मला." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. "अर्धी गोष्ट सांगून ठेवली पोरीला."

"मग आता पूर्ण सांगा."

"सांगून ऐकतंय व्हय कोण? मला सांगितलंच हुतं की सरांनी."

शुक्रवारी घरी येणारी नर्स आली. तन्वी दाराशी उभी होती, खांद्यावर उद्याची बॅग. नर्सनं रोजच्यासारखं विचारलं, आज किती? मी सवयीनं 'थ्री' म्हणायला तोंड उघडलं. मंगलताईंनी माझा हात दाबला. त्यांनी तन्वीकडे पाहिलं आणि स्वतःच्या इंग्रजीत, स्पष्ट, म्हणाल्या, "टेन."

नर्स चमकली. "टेन?"

"टेन, सिस्टर. व्हेरी पेन. टू मच पेन." आणि त्या रडायला लागल्या. हुंदके देऊन, मोठमोठ्यानं, "आई ग, आई ग" करत. त्या घरात तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. नर्स धावपळ करत औषध वाढवू लागली. तन्वीची बॅग खाली पडली. ती पलंगाशी आली, जमिनीवर बसली आणि आईच्या हातावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, माझा पाय दुखतोय. खूप. लाइक, एट. समरपासून दुखतोय."

मंगलताईंनी रडता रडताच तिच्या केसांतून हात फिरवला. "सांगितलंस न्हवं. बास झालं."

तन्वी शनिवारी पळाली नाही. नळीच्या हाडाला बारीक तडा होता. आणखी एक शर्यत झाली असती तर मोडलंच असतं, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. रविवारी मी मंगलताईंच्या पायांना तेल चोळत बसले होते. मला राहवेना. म्हटलं, "ताई, पोरीसाठी छान नाटक केलंत हो तुम्ही."

त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. "नाटक कुठलं, अश्विनी? लई दिस झालं, धाच हाय."



नोव्हेंबरअखेरीस येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी त्या गेल्या. अंत्यसंस्कारांसाठी फ्यूनरल होममध्ये सगळं मंडळ आलं होतं, कालव्यावरच्या आम्ही सगळ्या जणी होतो. सुधीर बोलण्याच्या स्थितीत नव्हता. मग मंडळातले एक ज्येष्ठ काका उठले. भला माणूस. मंगलताईंच्या पदकांविषयी, त्या मोडलेल्या पायाविषयी ते मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, "खरी चॅम्पियन! एवढा आजार, पण शेवटपर्यंत या माउलीनं हूं की चूं केलं नाही." माना हलल्या. कुणीतरी डोळे पुसले.

पहिल्या रांगेत तन्वी उठून उभी राहिली. डाव्या पायात हाड जुळण्यासाठी दिलेला गुडघ्यापर्यंतचा करडा बूट होता, त्यामुळे तिला खुर्चीला धरावं लागलं.

"नो, काका," ती म्हणाली. "असं नाही झालं. आई रडली होती. खूप मोठ्यानं रडली. मी होते तिथे."