कमलचं ताट

नर्सच्या नोकरीसाठी मस्कतला निघाले तेव्हा मुंबईची जीप नाशकातल्या द्वारका चौकात पकडायची होती. बाबांनी भर रस्त्यात डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मागे ट्रक हॉर्न देत होते. ड्रायव्हर म्हणाला, "काका, आमेन म्हणा लवकर, विमान थांबायचं नाही." धाकटी कमल हसत होती. तिला काय, ती जाणार नव्हती.

तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारी. एसी चर्च, बाहेर वॉचमन, मग नर्सची ड्युटी. श्रद्धेला काही त्रास नव्हता.

नाशकात मात्र दिवस बिघडले होते. धर्मांतराच्या नावाने कॉलनीत पत्रकं वाटली गेली, चर्चच्या काचेवर दगड आला. शेजारच्या मोऱ्यांनी बोलणं सोडलं. त्यांची फुलांची शेती, आमचा पिढ्यांचा शेजार. नाताळला कमलने नेहमीसारखं फराळाचं ताट त्यांच्याकडे नेलं. आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत. ते भरूनच आलं, आमच्याच करंज्यांनी. पुढच्या नाताळी कमलने पुन्हा नेलं. पुन्हा तसंच परत.

आई फोनवर सांगायची, "कमल बघ, जराही रागावत नाही." मी दिवसभर परक्यांची अंगं पुसत होते, पण त्याचा पगार मिळतो, म्हणून ती नोकरी. कमलच्या करंज्या म्हणजे ख्रिस्ताची प्रीती. मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

बाबा गेल्यावर मी आईला न्यायला आले. व्हिसा तयार होता. "दगड खात कशाला राहतेस? चल," म्हटलं.

"एवढा नाताळ होऊ दे."

त्या वर्षी ताट लगेच परत आलं नाही. संध्याकाळी मोरेकाकू स्वतः घेऊन आल्या. ताटात मेथीची जुडी आणि शेवंती.

"पोरांचं ऐकून बसले होते मी," त्या म्हणाल्या. "करंजी लय खुसखुशीत झाली बरं का."

मला बरं वाटलं. भांडण मिटलं, आता आई निर्धास्त निघेल. तिने शेवंती बायबलशेजारी ठेवली आणि म्हणाली, "आता कशी येऊ? आता त्यांची माणसं येत राहतील. दार उघडायला मी नको?"

"कमल आहे ना."

"तिने एकटीने किती करायचं?"

मी एकटीच परतले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गेले त्यांना ठाऊक असेल, आपल्याशिवाय घर नीट चालतं हे बघणं किती जड जातं. मस्कतच्या बिल्डिंगमध्ये मीही फराळ वाटते. डबे स्वच्छ धुऊन, थँक्यू म्हणून परत येतात.

आता आई नाही. गेल्या नाताळला मी आले, तर कमल तापाने पडलेली. म्हणाली, "ताई, ह्या वेळी ताट तू ने."

मोरेकाकूंनी दार उघडलं, मला चटकन ओळखलं नाही, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "कमळ नाय आली?"

"ताप आहे तिला. मी तिची बहीण."

"मंग आत ये ना. दारात काय उभी राहिली?"

ज्या गल्लीत मी वाढले तिथे आता कमलच्या नावाने दार उघडतं. राग आलाच. मी चपला काढल्या आणि आत गेले.