शेवाळाचा उपास

पडघ्याच्या नाक्यावर कमळमावशीची खानावळ आहे. ट्रकवाला असो की गोडाऊनचा हमाल, "जेवलास का?" हाच तिचा पहिला प्रश्न. हो म्हटलं तरी बाईचा विश्वास बसेल तर शपथ!

तिच्या बहिणीची लेक ऋतिका कॉलेजात संशोधन करते. उन्हासाठी तिनं मावशीची गच्ची मागून घेतली आणि काचेच्या मोठ्या बरण्यांत हिरवंगार पाणी मांडलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते उन्हावर वाढतं; पण त्याचं खाणं तोडलं आणि हवा बंद केली, की हायड्रोजन सोडतं. गाड्या चालतील असा गॅस, धुराचं नाव नाही. ऋतिकाचे सर बघायला येणार होते. त्यांचं समाधान झालं तरच तिचं काम पुढे चालणार होतं.

"खानं तोडलं म्हंजे?" मावशीनं विचारलं.

"गंधक द्यायचं नाही. उपाशी ठेवायचं."

"अगो बाय! आनी वरनं तोंडपन बांधायचं?"

ऋतिका कॉलेजला गेली की मावशी गच्चीवर जाऊन बघायची. आजारी पोराचा चेहरा उतरावा तसं पाणी फिकं पडत चाललं होतं. तिला घास गोड लागेना. शेवटी एका दुपारी तिनं झाकणं उघडली, ऋतिकानं शेवाळासाठी ठेवलेली गंधकाच्या खाण्याची बाटली घेतली आणि "खावा रं बाबांनो," म्हणत सगळ्या बरण्यांत ओतली.

झालं! हवाही लागली, पोटंही भरली, गॅस बंद. संध्याकाळी ऋतिका डोक्याला हात लावून बसली.

"मीच घातलं. मना बघवत नव्हतं," मावशीनं सांगून टाकलं.

ऋतिका चिडली, रडली. मग म्हणाली, "अगं, भूक लागल्याशिवाय ही शेवाळं गॅस सोडतच नाहीत."

ते मावशीच्या जिव्हारी लागलं. कापडाच्या लूमवर डबल ड्युटी करून आलेले कितीतरी जण तिच्या बाकड्यावर जेवता जेवता झोपले होते.

"भुकेल्याकडून काम काढनारे लय पायले मी, पोरी. पन रातच्याला त्यांना घास तरी भेटायचा. यांना कवा भेटनार?"

"गॅस सोडला की खायला घालायचं. परत तरारतात. जास्त ताणलं तर मरतात."

"मंग गॅस दिसंल त्याच दिशी घालायचं. शब्द दे."

ऋतिकानं शब्द दिला. बरण्या पुन्हा बंद झाल्या. या खेपेला मावशीनं गच्चीची किल्लीच भाचीकडे देऊन टाकली. स्वतःचा भरवसा नव्हता तिला.

सर आले त्या दिवशी नळीत बुडबुडे चढत होते. मावशी चहा घेऊन दारात उभी होती.

"चांगलंय," सर म्हणाले. "पण इतक्यावर मी पुढचं काही सांगणार नाही. अजून चार दिवस उपास ताण. किती निघतो ते बघू, मग ठरवू."

मावशीनं स्वतःला बजावलं. पोरीचं आयुष्य, पोरीचे सर. आपण मध्ये बोलायचं नाही.

ऋतिका फिक्या पाण्याकडे बघत राहिली. "नाही सर," ती म्हणाली. "आज त्यांना जेवायचंय."

तिनं खाण्याची बाटली उचलली आणि मावशीपुढे धरली.

"मावशी, तू वाढ."