तात्यांची गाडी डीमध्ये का थरथरायची

"मिस्त्री, गाडीच्या अंगात येतंय," अंथुर्ण्याचे तात्या फोनवर सांगत होते. "डीला टाकली की घुमाया लागती."

माझ्या आयकार्डवर 'सिनियर टेक्निशियन' लिहिलंय. बारामतीच्या या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं झाली, तरी मी मिस्त्रीच. फोन स्पीकरवर होता आणि शेजारी आमचे मॅनेजर उभे होते.

"याच गाडीला गेल्या आठवड्यात नवीन माउंटिंग टाकलं ना आपण?" त्यांनी विचारलं.

टाकलं होतं. माउंटिंग म्हणजे इंजिन आणि बॉडी यांच्यामधली रबरी उशी. ती फाटली की इंजिनाची थरथर थेट सीटपर्यंत येते. तात्यांच्या गाडीची फाटली नव्हती, जरा वय झालेली दिसत होती एवढंच. दुसरं काही सापडेना म्हणून मी बदलली. आमच्या धंद्यात असं होतं, कुणी कबूल करत नाही.

तीन दिवस गाडी आमच्याकडे होती. मी शंभर वेळा डी, म्हणजे पुढं जायचा गिअर, टाकला असेल. काही नाही. स्कॅनर लावला, तोही म्हणाला सगळं ठीक. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला भलामोठा दगड होता. असेल कुठल्या तरी देवाचा, म्हणून मी त्याला हातसुद्धा लावला नाही. पण तात्यांनी घरून पाठवलेल्या व्हिडिओत डॅशबोर्डवरचा गणपती चक्क नाचत होता.

"मिस्त्री, एक सांगू का?" तात्यांचा आवाज खाली आला. "रविवारी पोरगा येतोय पुण्यास्नं. म्हणतो, गाडी बिघडलेली न्हाय, तुमालाच चालवता येत न्हाय. चावी घेऊन जाणार हाय."

तात्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. क्लच दाबता येत नाही, म्हणून ही ऑटोमॅटिक घेतली. ती गेली तर इंदापूरचा बाजार गेला, मित्र गेले, दिवसभर ओसरीवर बसून उसाकडे बघायचं. मला वाईट वाटलं. माउंटिंगची टोचणीही होतीच. म्हटलं, उद्या येतो.

तात्यांचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. अंगणातून उतार निघतो तो थेट समोरच्या उसात. गाडी उसाकडे तोंड करून उभी होती. मी लॅपटॉप गाडीला जोडून तात्यांच्या शेजारी बसलो. तात्यांच्या मंडळी, म्हणजे काकू, मागं डिकीपाशी उभ्या होत्या. फेरी मारायला त्याही येणार होत्या, म्हणून हातात पिशवी होती.

तात्यांनी गाडी सुरू केली, डी टाकला, ब्रेकवरचा पाय काढला. गाडी अशी हलायला लागली की माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. वर जळका वासही.

"बघा!" तात्या खूश झाले. बिघाड मिस्त्रीसमोर झाला याचा आनंद गिऱ्हाइकाला फार असतो.

लॅपटॉपवर क्लच तापत होता. ही गाडी नावाला ऑटोमॅटिक. आत साधाच क्लच असतो, फक्त तो पायाऐवजी मशीन दाबतं. ब्रेक सोडला की मशीन क्लच थोडा जोडतं आणि गाडी हळूच पुढं सरकते. सरकायला काही अडलं, तर क्लच घासत राहतो आणि गाडी थरथरते. हे मला पाठ आहे, नवीन पोरांना मीच शिकवतो. तरीही मी म्हणालो, "तात्या, क्लच प्लेट गेली."

"आता प्लेट?"

तेवढ्यात थरथर थांबली आणि गाडी पुढं सरकली. "हे असंच," तात्या म्हणाले. "मनात आलं की थांबतंय."

माझ्या डोक्यात आलं, इंजिन डोळ्यांनी बघावं. "तात्या, गाडी परत जागेवर घ्या, बंद करा. मी बॉनेट उघडून समोर थांबतो. मग सुरू करून डी टाका."

गाडी पुन्हा थरथरायला लागली. मी इंजिनात डोकं घातलं. बघतो तर माझ्या डाव्या हाताला, पुढच्या चाकाशी, काकू वाकलेल्या.

"काकू! काय करताय?"

"दगड काढतीय."

डिकीतला तोच दगड चाकाच्या पुढ्यात गच्च बसला होता; गाडी जागेवर आल्याबरोबर काकूंनी तो परत लावला होता. गाडी त्याला ढकलत होती आणि काकू तो ओढत होत्या. मी ओरडलो, "तात्या, ब्रेक! बंद करा गाडी!"

"बंद केली तर उतारानं जाईल की," काकू म्हणाल्या. "आधी गेर पडू द्यायचा, मग दगड काढायचा. मागं ह्यांचा ट्रॅक्टर असाच उसात गेला व्हता. तवापास्नं दगड माझ्याकडं."

ट्रॅक्टरचं बरोबरच आहे. उतारावर तसंच करतात. ट्रॅक्टर गेला आणि ऑटोमॅटिक आली, पण ही पद्धत बदला असं काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं.

"तात्या, तुम्ही मला दगडाचं बोलला नाहीत."

"तुमी गाडीचं विचारलंत," तात्या म्हणाले. "दगडाचं कुठं विचारलंत?"

मग मी नवा क्रम शिकवला. हँडब्रेक ओढलेला, तात्यांचा पाय ब्रेकवर. काकूंनी दगड काढायचा, डिकीत ठेवायचा, आत बसायचं, दार लावायचं. मग हँडब्रेक खाली, मग डी. काकूंचा विश्वास बसेना. शेवटी त्या पुढच्या सीटवर हँडल घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या. तात्यांनी डी टाकला. गणपती जागचा हलला नाही.

"गेली का उसात?" काकूंनी विचारलं.

"रस्त्याला लागलो आपण," तात्या म्हणाले. पाय ब्रेकवरच होता, पण हात हॉर्नवर गेला होता.

वर्कशॉपमध्ये मॅनेजरांनी विचारलं, "फॉल्ट काय लिहू?"

"दगड."

"पार्ट नंबर?"

मी चहाला गेलो. तेव्हापासून स्कॅनर लावायच्या आधी मी गाडीभोवती एक चक्कर मारतो. नवीन पोरं हसतात, हसू देत.

सोमवारी तात्यांचा फोन आला, इंदापूरच्या बाजारातून. पोरगा रविवारी येऊन गेला होता. त्याने तात्यांच्या शेजारी बसून एक फेरी मारली, चावीचं नावसुद्धा काढलं नाही. निघताना काकूंनी त्याला विचारलं, तुझ्या बिल्डिंगच्या पार्किंगला उतार हाय का? तो म्हणाला, थोडा आहे.

चावी न्यायला आला होता, दगड घेऊन गेला.