साहेबांचा पेला

पावणं, बसा जरा. आज जे सांगतोय ते बायकोला न्हाय सांगितलं, देवाला न्हाय, माझ्या म्हशीलासुद्धा न्हाय — आणि म्हशीला मी सगळं सांगतो.

टीव्हीवरची ती मालिका बघताय न्हवं? आमच्या साहेबांवरची, मंत्रीपद गेल्यानंतरच्या पाच वर्षांची? तिच्यात एक गवळी हाय बघा, मिशीवाला. सगळं जग साहेबांकडं पाठ फिरवतं आणि ह्यो एकटा रोज म्हैस घेऊन त्यांच्या परसात जातो, धार काढून पेला देतो. त्यो गवळी म्हणजे मी! माझी मिशी त्याच्यापेक्षा बरी हाय, पण नटानं काम एक नंबर केलंय. आता दूध कट्ट्यावर माझ्यापुढं रांग असती. लोक म्हशीसंगं फोटो काढत्यात. म्हैससुद्धा मान वाकडी करून उभी ऱ्हाती, नादखुळा!

तर — कुठनं सुरू करू?

आमच्याकडं गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतो आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतो. साहेब मंत्री असताना माझ्याच म्हशीचं दूध प्यायचे. मागं गाड्या, पुढं गाड्या. मग निवडणुकीत पडले आणि चपला घालून चालत यायला लागले. तवर आमच्या दूध संस्थेत विरोधी पार्टीची माणसं बसली हुती. साहेबांशी जो बोलंल, त्याचं दूध "फॅट लागत न्हाय" म्हणून परत. मी काय शूर हाय व्हय?

एका संध्याकाळी साहेब माझ्यापुढं उभे ऱ्हायले. मी म्हणालो, "साहेब, म्हैस आटली."

अवो, तिच्या सडातनं दूध गळत हुतं! साहेब शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी कासेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं बरं, जप तिला," म्हणाले आणि गेले. पुन्हा कट्ट्यावर आले न्हाईत.

मग परसात रोज कोण गेलं? दत्तू. माझा शेजारी, लहानपणापासनंचा दोस्त. दिवे लागायच्या वक्ताला म्हैस मागच्या दारानं आत न्यायचा. मला एकदा दिसला, तर म्हणाला, "कुणाला बोलू नगंस, संस्थेत कळलं तर माझं दूध परत यील." मी शब्द दिला. आणि पाळला की! असा पाळला की दत्तूचं नावच पुसून टाकलं.

कारण मालिकावाले विचारपूस करत आले तवा दत्तू म्हैस बघायला मुरगूडला गेलता. साहेब आणि बाईसाहेब दोघंबी आता न्हाईत. "पडत्या काळात साहेबांजवळ कोण हुतं?" कॅमेरा माझ्यावर हुता. तोंडातनं निघून गेलं — "मी हुतो की!" लाज वाटली न्हाय? वाटली. पण गोड जास्त वाटलं.

दत्तूला कळलं. मला वाटलं, आता ह्यो मला हाणतोय. त्यो हसला. "लेका, साहेबास्नी दूध मिळालं न्हवं? मग झालं तर."

हितपर्यंत तुम्हीबी हसला असाल. पण सांगायचं ते ह्याच्या पुढं हाय.

गेल्या आठवड्यात त्यो परसातला भाग लागला. अख्खी गल्ली माझ्या घरात, दत्तू पुढं चटईवर. टीव्हीतल्या साहेबांनी गवळ्याच्या खांद्यावर हात ठेवला, बायका डोळं पुसाय लागल्या. तेवढ्यात दत्तूच्या सुनंनं सासऱ्याला विचारलं — नवीनच लग्न झालेली पोरगी, तिला काय ठावं? — "मामा, तुमची म्हैस तर ह्यांच्या शेजारीच असायची. तुम्ही का न्हाय गेला साहेबांकडं?"

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. आता त्यो बोलणार, असं मला वाटलं. आणि त्याच्या आधी मीच वरडलो, "त्यो कुठला जातोय! भ्यालता तवा त्यो!"

सगळी हसली. मी सगळ्यात मोठ्यानं.

"व्हय की," दत्तू म्हणाला. "भ्यालतो."

चहाचा ट्रे सुनंच्याच हातात हुता. रोज सासऱ्याला पहिला कप देणारी पोरगी — त्याच्यावरनं पुढं आली आणि पहिला कप मला दिला.

मी घेतला. दत्तूच्या समोर बसून प्यालो.