लोणी खाली, लेकरू वर

लोटन पणजोबांच्या त्या धानोऱ्यातल्या लोकांचा मला आजही भयंकर राग येतो. मेलेत सगळे, तरी येतो.

पणजोबा विहिरी खोदायचे. वीस हात खाली गेलं की वैशाखातही अंग गार पडतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. १९६० च्या वैशाखात त्यांची सून सुंदरबाई, म्हणजे माझी आजी, पहिल्यांदा बाळंत झाली. खोली बंद, बाजेखाली शेगडी, बाहेर आग. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही ना! सहाव्या दिवशी मुलगी तापाने गेली. पणजोबांनीच तिला पुरलं.

पावसाळा संपल्यावर त्यांनी घरामागे भुयार खोदलं. दहा हात खोल, पायऱ्या, आणि अंगणाच्या टोकापर्यंत खापराचे नळ. थंडीभर नळाचं तोंड रात्री उघडायचे, सकाळी बोळा कोंबायचे. होळीनंतर बंदच. अख्खा हिवाळा मातीत मुरवून ठेवला माणसाने!

"लोटन, थंडी गाडी ऱ्हायना का रे?" थंडी पुरतोय म्हणून लोक हसायचे.

चैत्रात तेच लोक मडकी घेऊन आले. गजराबाई सुईणीचं लोणी, शेजारच्या हिलालची विड्याची पानं. स्वतः कुणी उतरायचं नाही, भीती वाटायची. पणजोबाच खाली ठेवून द्यायचे, मागितलं की आणून द्यायचे.

बासष्टच्या वैशाखात आजीला मुलगा झाला. पणजोबा म्हणाले, दोघांना खाली न्या. झालं! अख्खी गल्ली दारात.

"मरेल पोऱ्यासले जमीनमा गाडतस," गजराबाई ओरडली. "तू जित्ता पोऱ्या गाडस का रे?"

"पह्यली पोर गाडी, आते ह्याले बी गाडी दे!" हिलाल म्हणाला.

असं बोलवतं तरी कसं माणसाला? पणजोबांनी माघार घेतली. चार दिवस दोघं वरच, त्याच बंद खोलीत! इथे मला त्यांचाही राग येतो.

पाचव्या दिवशी बाळ दूध ओढेना. अंग तव्यासारखं. गजराबाईने काय करावं? शेगडीत अजून कोळसे घातले!

सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली आजी उठली. "गजरामाय, याले वर नही ठेवस मी." बाळाला छातीशी धरून, भिंतीला धरत, ती सरळ भुयारात उतरली.

पुन्हा गल्ली जमली. "लोटन, तिले वर काढ!"

पणजोबा कुदळ घेऊन वरच्या पायरीवर बसले. "काढस. पहिले तुमनं लोनी काढस, तुमना पानं काढस. उन्हात ठेवस. चालस का? बोला!"

एकाही माणसाने आपलं मडकं मागितलं नाही.

संध्याकाळी बाळाने दूध ओढलं. ते बाळ म्हणजे माझे बाबा.

दुसऱ्या दिवशी गजराबाई आली. बाळ कसं आहे, एका शब्दाने विचारलं नाही. वरूनच म्हणाली, "सुंदर, मन्हं लोनी दे वं वर."

"खाले ये नि ली जाय," आजी म्हणाली.

ती उतरली नाही. आजीने अख्खं मडकं बाळंतपणात संपवलं. बरं केलं!